खोडरबरांचा डबा

“एकच आकडा आहे, सर. चारशे बारांतला एक. तो वगळला तर चालेल ना?”

अभिनंदन मगदूमनं हे विचारलं तेव्हा उकिडवे सर खुर्चीत डोळे मिटून बसले होते. उघडे असते तरी फरक पडला नसता. काचबिंदूनं त्यांची नजर दोन वर्षांपूर्वीच नेली होती.

सर विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायचे. आम्ही दोघं त्यांचे विद्यार्थी, एकाच वर्गातले. सुवर्णपदक अभिनंदनला मिळालं आणि पास झाल्याचा आनंद मला. पुढं कुणी विम्यात गेलं, कुणी बँकेत. एक जण हवामान खात्यात गेला आणि पाऊस चुकला की घरच्यांची बोलणी खाऊ लागला. मी बारावीच्या मुलांना शिकवतो.

अभिनंदन मात्र थेट औषध कंपनीत. संख्याशास्त्र विभागाचा प्रमुख. नव्या औषधाची चाचणी झाली की ते बाजारात जाण्याआधी अहवालावर त्याची सही लागते.

अशीच एक सही सोमवारी करायची होती. त्याआधी सरांचा होकार हवा, म्हणून मला गाडीत घालून तो सांगलीला आला होता.

“का वगळायचा?” सरांनी विचारलं.

“बाकीच्यांपासून फार लांब पडतो. तीन कसोट्या लावल्या, सर. तिन्हींत बाहेर.”

“कसोट्या बरोबरच असतील. तुझं गणित कधी चुकलं नाही.”

अभिनंदन खूश झाला. मला ते वाक्य काही बरं वाटलं नाही.

“मला पडद्यावरचं दिसत नाही,” सर म्हणाले. “ती ओळ वाचून दाखव.”

त्यानं लॅपटॉप उघडला.

“क्रमांक एकशे सतरा. स्त्री. वय चौतीस. वजन त्रेचाळीस किलो. पहिली तपासणी ठीक. दुसरीत यकृताचा आकडा एकदम नऊपट.”

“आणि तिसरी?”

“तो रकाना रिकामा आहे.”

“रिकामा म्हणजे?”

“आल्या नाहीत त्या.”

“का?”

...

मी अभिनंदनकडे बघितलं. गाडीत चार तास हा माणूस अखंड बोलत होता. पण एवढं एक त्यानं मला सांगितलं नव्हतं.

“वारल्या, सर.”

सर म्हणाले, “अहवालात काय लिहिलंयस?”

“स्वेच्छेनं चाचणी सोडली.”

“नाव काय तिचं?”

“आम्हाला नावं कळत नाहीत. फक्त क्रमांक येतो. तसा नियमच आहे.”

“चांगला नियम आहे.”

यावर अभिनंदनचा बांध फुटला. औषध खरंच चांगलं आहे म्हणाला. चारशे अकरा जणांना काही झालं नाही. परत चाचणी म्हणजे तीन वर्षं, तोवर आजाऱ्यांनी काय करायचं? आणि त्यानं सही नाही केली तर दुसरा कुणी करेल, हा घरी बसेल. मुलगी यंदा बारावीला.

“आणि ते औषधानंच झालं, असं एका आकड्यावरून सिद्ध कुठं होतं, सर?”

“नाही होत. मीच शिकवलंय ते तुम्हाला.”

मग सर माझ्याकडे वळले. “कपाटातला डबा दे रे.”

कुठला, ते मी विचारलं नाही. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. एम.एस्सी.च्या पहिल्याच तासाला सर तो घेऊन बाकांमधून फिरायचे आणि प्रत्येकाचा खोडरबर काढून घ्यायचे. “चुकलं तर एक रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे.” एवढंच सांगायचे. आम्ही त्यांना माघारी रबरचोर म्हणायचो, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

डबा काठोकाठ भरलेला होता. इतक्या वर्षांत रबर वाळून खडे झाले होते. सरांनी त्यात हात घातला आणि एकेक चाचपून बाजूला ठेवू लागले. माझाही त्यांच्या बोटांखालून गेला, अर्धा चावलेला. मला उगीचच भरून आलं.

एका रबरावर त्यांची बोटं थांबली. कर्कटकाच्या टोकानं कोरलेला ‘अ’ होता त्याच्यावर.

त्यांनी अभिनंदनचा हात शोधला, रबर तळव्यावर ठेवला.

“सत्तावीस वर्षं सांभाळला. सही करणार असशील तर घेऊन जा, लागेल तुला. करणार नसशील तर टेबलावर ठेव.”

अभिनंदनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. मी त्याला ओळखतो. शिकवणीला पैसे नव्हते तेव्हा हाच मला रात्र रात्र गणितं समजावून सांगायचा.

तो बराच वेळ तसाच बसला. हात उघडा, रबर तळव्यावर...

मग त्यानं लॅपटॉप मिटून पिशवीत टाकला. उठला. वाकून सरांच्या पाया पडला, पण एकाच हातानं.

मी टेबलाकडे बघितलं. तिथं डबा होता आणि सरांनी बाजूला काढलेले रबर होते. ‘अ’ कोरलेला त्यांत नव्हता. दुसऱ्या हाताची मूठ अभिनंदननं घट्ट मिटून धरली होती.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

आम्ही दारात पोचलो तेव्हा मागून आवाज आला.

“मगदूम, ठेवलास?”

“...ठेवला, सर.”

सरांचा हात टेबलाकडे निघाला होता. तो मध्येच थांबला आणि परत मांडीवर आला.

“तू सांगितलंस... मग मी कशाला चाचपू?”