उपवासाची अदलाबदल

वसईकडच्या बस्त्याव डाबऱ्यांनी राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, चहा सोडला आणि घरादाराला धडकी भरली. चहाशिवाय त्यांचं डोकं सकाळीच फिरे. वाडीतला गडी, सून, दारातलं कुत्रं, कुणी सुटत नसे. बायको रेमेतबाई मात्र मुकाट्याने ऐकून घेत.

एका संध्याकाळी फादर घरी प्रार्थनेला आले. शेजारीपाजारीही जमले होते. चहा आला तसा बस्त्यावशेटनी आपला कप ऐटीत मागे सारला. "फादर, ईस्टरपर्यंत थेंब नाही. देह असा मारावा लागतो." मग बायकोकडे पाहून हसले. "हिला विचारा, हिने काय सोडलंय. ताट तर रोज भरलेलं असतं."

फादरांनी विचारलं, तेव्हा रेमेतबाईंनी ट्रे खाली ठेवला. "ह्यांनी चहा सोडला, त्याच दिवशी मी उलट उत्तर देणं सोडलं."

मग त्या फादरांकडे वळल्या.

"दोन्हींत कठीण कोणतं, ते एकेकट्याला कसं कळणार? म्हणून म्हणते, फादर, उद्यापासून अदलाबदल करू. चहा मी सोडते. ह्यांनी फक्त ओरडणं सोडावं."

"सोपं आहे की, बस्त्याव," फादर म्हणाले. "देह मारायची तुला सवय आहेच."

दुसऱ्या सकाळी सुनेने चहा पुढ्यात ठेवला. साखर घालायची राहिली होती. बस्त्यावशेटनी तोंड उघडलं. समोर रेमेतबाई नुसतं पाणी पीत बसल्या होत्या. बस्त्यावशेटनी तोंड मिटलं आणि कप पुन्हा ओठाला लावला.

बस्त्यावशेटचा त्या वर्षीचा उपवास त्या घोटापासून सुरू झाला.