पाल्मोने अडवलेली वरात

फार वर्षांपूर्वी, हिमालयातल्या आमच्या सुमथांग गावाला बाहेर पडायला एकच वाट होती, आणि ती पांढऱ्या कड्याखालच्या उतारावरून जायची. त्या गावात पाल्मो नावाची मेंढपाळ बाई राहत असे. लहानपणी तिचे दोन भाऊ त्याच उतारावर बर्फाखाली गेले. तेव्हापासून ती बर्फावर पाय ठेवण्याआधी त्यात हात घालून बघायची. असं म्हणतात, की कुठला थर कोणत्या दिवशी पडला, हे ती बोटांनी ओळखायची.

एका हिवाळ्यात मुखिया नोर्बू मुलाची वरात घेऊन पलीकडच्या गावाहून परतत होता. चाळीस माणसं होती आणि आभाळ निरभ्र होतं. उताराच्या तोंडाशी पाल्मो खड्डा खणून बसली होती.

"आज जाऊ नका," ती म्हणाली.

"काल एक गुराखी गेला की इथून," नोर्बू म्हणाला.

"तो एकटा होता. तुम्ही चाळीस आहात." तिने खड्ड्याच्या तळातून मूठ भरली आणि उघडली. बर्फ रव्यासारखा बोटांतून गळला. "वरचा जड थर वाऱ्याने रात्रीत आणून टाकलाय. खाली हे असलं. यावर तो टिकायचा नाही."

"सूनबाईला वेळेत घरी न्यायचंय. बाजूला हो, म्हातारे."

पाल्मो हलली नाही. तेवढ्यात नवरी पुढे आली आणि तिच्या शेजारी बर्फात बसली. "मी आजींबरोबर थांबते," ती म्हणाली. मग कोणालाच पुढे जाता येईना.

पाल्मो उठली आणि एकटीच कड्याच्या माथ्यावर चढली. तिथून तिने काठी बर्फात खुपसली. डोंगराच्या पोटात धप्प असा आवाज झाला, उतारभर एक भेग धावली आणि सगळा उतार सुटला. खालची झाडं काड्यांसारखी मोडली. असं म्हणतात, की माथ्यावरचा बर्फही तिला न्यायला निघाला, पण तिच्या पायाशी येऊन दुभंगला आणि दोन्ही बाजूंनी वाहत गेला.

पांढरा धुरळा बसला तेव्हा ती काठी टेकत खाली येत होती. नोर्बूने डोक्यावरची टोपी काढून तिच्या पायाशी ठेवली.

"घाल ती, कान गोठतील," पाल्मो म्हणाली. "आता चला. पण एकेक करून."

त्या संध्याकाळी चाळीसच्या चाळीस माणसं लग्नघरी जेवली. तेव्हापासून त्या उताराने आमच्या गावचं एकही माणूस नेलेलं नाही, हे आम्ही कुणालाही ताठ मानेने सांगतो.

आजही पहिल्या बर्फानंतर गावातल्या बाया तिथे खड्डा खणतात. त्या नाही म्हणाल्या, तर मुखियाही मागे फिरतो. त्या हो म्हणाल्या, की एकच माणूस निघतं. बाकीचे अलीकडे उभे राहतात. ते माणूस पलीकडे पोचून "पाल्मो" अशी हाक देतं, आणि ती ऐकू आल्यावरच दुसरं माणूस उतारावर पाऊल टाकतं.