थांबलेला कुपा

वेळापट्टण बंदरात जवसेन राजा गादीवर होता, त्या काळी बोधिसत्त्वाने समुद्रात कुप्याच्या कुळात जन्म घेतला होता. कुपा म्हणजे खोल पाण्यातला मोठा, भरीव मासा. ह्याचे दोन्ही बाजूंचे पर चांगले हातभर लांब, पाठ गर्द निळी आणि पोट रुपेरी होते. पण ह्या देहाला एक जाच होता. इतर मासे कल्ले हलवून जागच्या जागी श्वास घेतात, कुप्याला ते जमत नाही. तो पोहत राहिला तरच तोंडातून शिरलेले पाणी त्याच्या कल्ल्यांतून वाहते. थांबला की गुदमरला. म्हणून बोधिसत्त्व जन्मल्यापासून पोहत होता. झोपेतही पोहत होता. विचार करायचा तो पोहत, दुःख करायचे तेही पोहत. एकदाच, कुठेतरी, स्वस्थ उभे राहता आले तर किती बरे होईल, असे त्याला फार वाटे. असे वाटत असतानाही शेपटी चालूच असे.

तो आपल्या थव्याचा पुढारी होता. थंडीचे दिवस आले की तो थवा घेऊन वेळापट्टणासमोरच्या बुडालेल्या खडकाकडे येई, कारण तिथे तारली मासळी विपुल असे. तिथे कोळीही येत. त्यांचा तांडेल, म्हणजे होड्यांचा म्होरक्या, होता पोसक नावाचा. ह्या कोळ्यांची मासे धरायची एक ठरलेली रीत होती. होडीच्या कडेला उभे राहायचे, मूठभर जिवंत तारली पाण्यात उधळायची आणि कळकाच्या काठीला बांधलेल्या एका गळाने एक कुपा वर घ्यायचा. लहान निघाला तर गळ सोडवून परत पाण्यात. धरलेल्याचे रक्त तिथल्या तिथे सोडायचे आणि त्याला ओल्या तागाखाली सावलीत ठेवायचे. आणि कोणी किती धरायचे? तर संध्याकाळी स्वतःच्या खांद्यावरून किनाऱ्याची वाळू ओलांडून नेता येतील तेवढेच. त्यामुळे गावात कोणाचे खांदे रुंद ह्यावरून थट्टा फार चाले, पण हाव कोणाला सुटत नसे.

बोधिसत्त्वाला हे ठाऊक होते. थव्यातले काही दर वर्षी जात, त्याचे त्याला दुःख होई. पण थवा राही, पिल्ले राहत, आणि कोळ्यांची मुलेही जेवत. समुद्रात ह्याहून बरा न्याय त्याने कुठे पाहिला नव्हता.

आता राजाचे सांगतो. जवसेन म्हणजे जमिनीवरचा कुपाच म्हणा ना. जेवताना चार वेळा उठे. आज्ञा देऊन ती कोणी ऐकण्याआधी बदले. रथ जोडायला वेळ लागला की पायी निघे आणि अर्ध्या वाटेवरून घोडा मागवी. फरक एवढाच की त्याला थांबल्याने काहीही होणार नव्हते. पण ते त्याला कोण सांगणार? राजाला शहाणपण सांगायला जाऊन आपली मान कोण अडकवून घेतो!

त्या वर्षी सात देशांचे पाहुणे त्याच्याकडे यायचे होते. राजाने पोसकाला बोलावून सांगितले, "उद्या संध्याकाळपर्यंत एक हजार कुपे पाहिजेत."

पोसक म्हणाला, "म्हाराज, आमी साठ मानसं. खांद्यावर पेलंल तितकंच आमी काढतो. हजाराला पंदरा दिस तरी लागतील."

"पंधरा दिवस! मला पंधरा क्षण धीर नाही. जाळे घाला."

"कुप्याला आमी जालं लावत नाय, म्हाराज. जाल्याला लहान-मोटं कलत नाय."

"मला कळते ना," राजा म्हणाला. "जाळे लावले नाहीस तर उजवा हात तोडीन. आणि तुझा कोळीवाडा ह्या किनाऱ्यावर दिसणार नाही."

पोसकाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. तो हात गेला तर काठी कोण धरणार, आणि कोळीवाडा उठला तर दोनशे जीव जाणार कुठे? तो भित्रा नव्हता, पण त्या दिवशी भ्याला. राजवाड्यातून आलेले तागाचे लांबच लांब जाळे त्याने होड्यांवर चढवले.

सकाळी खडकाच्या अलीकडे पहिली ओढ झाली. पन्नास-साठ कुपे आले. जाळ्यात दाटी होऊन ते तडफडून मेले होते आणि राजाची घाई अशी की त्यांचे रक्त सोडायलाही कोणाला सवड मिळाली नाही. दुपारपर्यंत ते वाळूवर उन्हात पडून राहिले. पोसकाची बायको नागी किनाऱ्यावर मासळी कापायला बसे. राजाने त्यातलाच एक भाजून मागितला तेव्हा ती पुढे झाली.

"खाऊ नका, म्हाराज," ती म्हणाली. "ह्यो अंगात आग घेऊन मेलाय, वर उन्हात तापलाय. अंगावर उठंल."

"बाई, राजाने काय खावे ते मासळीवाल्या ठरवणार का?" असे म्हणून राजाने उभ्या उभ्याच तो खाल्ला आणि लगेच होडीत बसला. दुसरी ओढ त्याला स्वतः पाहायची होती.

दुसऱ्या ओढीला बोधिसत्त्वाचा सगळा थवा खडकापाशी होता. जाळ्याची एक बाजू पुढे आली, मग दुसरी. बोधिसत्त्व सर्वांच्या पुढे होता. पाण्यात भिंत उभी राहतेय हे त्याला दिसले आणि एका झेपेत तो बाहेर निघाला. मागे वळून पाहतो तर दोन्ही टोके जुळलेली. तो बाहेर, थवा आत.

त्याने जाळ्याभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. आत पोटात अंड्यांची गाभोळी असलेल्या माद्या होत्या, ह्याच वर्षीची पिल्ले होती, तीन कासवे होती. दाटी वाढत होती. मधल्यांना पोहायला जागा उरली नाही, ते थांबले आणि गुदमरू लागले. कासवांना श्वासाला वर यायचे होते, पण वर माशांचा थर. तिसऱ्या फेरीला बोधिसत्त्वाच्या मनात आले, 'मी मोकळा आहे. ही शेपटी अशीच चालू ठेवली तर रात्रीपर्यंत चार योजने लांब जाईन.' आणि त्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली की तो तसाच वळला आणि राजाच्या होडीपाशी आला.

त्या लहान होडीत राजा आणि पोसक दोघेच होते. बाकीचे कोळी इतर होड्यांतून जाळे सांभाळत होते. जाळ्याचा मुख्य दोर पोसकाच्या हातात होता. राजा उठबस करीत होता, कारण त्याचे तोंड लालबुंद झाले होते, ओठ चरचरत होते आणि मान, पाठ, तळवे ह्यांना भयंकर खाज सुटली होती. आधीच अस्वस्थ माणूस, त्यात हे!

बोधिसत्त्व पाण्याच्या वर तोंड काढून होडीच्या कडेला आला आणि थांबला. जन्मात पहिल्यांदा थांबला. शेपटी हलत नव्हती, पर पसरलेले होते.

पोसक कडेवरून खाली वाकला. "म्हाराज," तो म्हणाला, "कुपा उबा हाय. कुपा कदी उबा ऱ्हात नाय. मरंल तो."

"राजा," बोधिसत्त्व म्हणाला, "माझ्याजवळ वेळ थोडा आहे, म्हणून थोडेच बोलतो. तुला जे मासे हवेत ते तुझ्या कोळ्यांच्या गळाला लागतील. आम्ही ह्या खडकाला दर वर्षी येतो आणि जातील त्यांच्याबद्दल मी कधी भांडलो नाही. पण हे जाळे उद्याचेही धरते आणि परवाचेही. तुझ्या अंगाला सुटली आहे तीच खाज उद्या तुझ्या सात देशांच्या पाहुण्यांना सुटेल, कारण घाईत मेलेल्या माशाची आग त्याच्या मांसात राहते. किनाऱ्यावरचे बोलणे आम्हाला पाण्यातही ऐकू येते. हे तुला नागीने सांगितले होते. तू थांबला नाहीस."

राजा खाजवायचा थांबला.

"मी थांबलो की मरतो," बोधिसत्त्वाचा आवाज बारीक झाला होता, "तरी तुझ्यासाठी थांबलो आहे. तू थांबलास तर तुझे काय जाते?"

 राजा आडव्या फळीवर बसला. खाज तशीच होती, ऊन तसेच होते, पण तो बसून राहिला आणि त्याने जाळ्याकडे पाहिले. सकाळपासून त्याने हजार हा आकडा पाहिला होता, मासे आता पाहिले. एक पिल्लू जाळ्याच्या भोकात डोके अडकून पांढरे पडत चालले होते. राजाच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने ते पुसले नाही.

"पोसका," तो म्हणाला, "दोर काप."

"माजा हात..."

"तुझा हात तुझ्यापाशीच राहील. काप!"

कोयता चालला. जाळ्याचे तोंड उघडले आणि खालून थवा निळ्या पाण्यात सुटला. कासवे वर आली, श्वास घेऊन पुन्हा बुडाली. काही मासे मेलेले तरंगत राहिले, ते कोणाच्या उपयोगाचे नव्हते.

आणि बोधिसत्त्व एका कुशीवर वळला. डोळा मंद झाला. पोसकाने ओणवे होऊन दोन्ही हात त्याच्या पोटाखाली घातले.

"मेला का?" राजाने विचारले.

"अजून नाय. ह्याच्या तोंडातनं पानी खेललं पायजे. मी ह्याला असा धरतो, पर होडी चालली पायजे. म्हाराज, वल्हं घ्या! आता बसून जमनार नाय!"

राजाने वल्ही उचलली. ह्या माणसाने आयुष्यात वल्हे धरले नव्हते. पहिल्या चार हातांत होडी गोल फिरली. "सरल घ्या, सरल!" पोसक ओरडला, आणि राजाला असे ओरडल्याबद्दल कोणी त्याचा हात तोडला नाही. मग होडी चालू लागली. तळव्यांना फोड आले, अंगभर खाज होती, पण राजा खाजवायलाही थांबला नाही. खडकाला एक वळसा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या वळशाला पोसकाला हाताखाली कल्ला हलल्यासारखे वाटले. मग शेपटी एकदा वळवळली. मग त्या मोठ्या देहाने अशी काही उसळी घेतली की पोसक पाण्यात पडता पडता वाचला, आणि बोधिसत्त्व आपल्या थव्याकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी कोळ्यांनी गळाने धरलेले, खांद्यावरून आणलेले कुपे नागीने कापले. सात देशांच्या पाहुण्यांच्या पानात दोन दोन बोटे तुकडा आला. आणखी मागणाऱ्यांना राजाने आपले फोड आलेले तळहात दाखवले आणि कुप्याची गोष्ट सांगितली. ती सांगताना तो एकदाही उठला नाही. पुढे त्याच्या राज्यात कुप्याला कोणी जाळे लावले नाही.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा सांगितली ती भद्दिल नावाच्या भिक्खूमुळे. ह्या भद्दिलाला ध्यानाला बसवत नसे. एका बैठकीत तो सहा वेळा उठे, आणि बाकीचे भिक्खू त्याला हसत. शास्ता त्यांना म्हणाला, "भिक्खूंनो, हसू नका. त्या वेळचा पोसक तांडेल म्हणजे आज आपल्याला भात घेऊन आलेला हा उपासक सुनंद. नागी म्हणजे आजाऱ्यांना पथ्य सांगणारी भिक्खुणी सोमा, आणि तिचे तुम्ही आजही ऐकत नाही. जवसेन राजा म्हणजे हा भद्दिल. आणि कुपा मीच होतो. ह्याला बसवत नाही हे खरे. पण जेव्हा बसायला हवे होते तेव्हा हा बसला होता. आणि मी श्वासाविना मरत होतो तेव्हा माझ्या कल्ल्यांतून पाणी खेळवणारी वल्ही ह्याच्याच हातांत होती."

 भद्दिल आपल्या तळहातांकडे पाहत बसला होता. त्या दिवशी तो सातव्यांदा उठला नाही.

पुरे कुठे ते ओळखून तिथे थांबणे, ह्या गुणाला मात्राज्ञता म्हणतात.