माडवलीचं बिनदाराचं देऊळ

माडवलीचं ख्रिस्ती देऊळ खाडीच्या कडेला आहे. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, पहिल्या रविवारी तिथे गेलात, तर देवळाला दर्शनी दार दिसणार नाही. चौकट जागेवर असते, बिजागऱ्यांचे खिळे असतात, पण सागवानी दार आत वेदीसमोर आडवं टाकलेलं असतं आणि त्याच्यावर नाताळचा गोठा उभा राहत असतो. जानेवारीतला तीन राजांचा सण होईपर्यंत दार परत चढत नाही. वारा आत येतो, कुत्री येतात, एखादी चुकार शेळीसुद्धा येते.

पाहुणे बस्त्यावबाबांना हटकून विचारतात, "चोरांची भीती नाही वाटत?"

देवळाची राखण करण्यात बाबांची हयात गेली. ते म्हणतात, "चोर आला तर तोही आतच येणार ना? येऊ दे. बसा, सांगतो."

मग ते पायरीवर बसून पावलीनची गोष्ट सांगतात. फार जुनी गोष्ट, फिरंग्यांच्या अमदानीतली म्हणे.

त्या काळी माडवलीत दोन वस्त्या होत्या. थोरल्या आळीत जमीनवाले राहत आणि खाली आगरात मीठ पिकवणारे. दोघांचा देव एक, पाद्री एक, देऊळही एक. दारं मात्र दोन. थोरली आळी दर्शनी दारातून आत जाई. आगरातली माणसं उत्तरेच्या लहान दारातून वाकून शिरत आणि खांबांमागे उभी राहत. ते दार इतकं ठेंगणं होतं, की डोक्यावर टोपलं नसतानाही मान खाली घालावी लागे. हे कोणी ठरवलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मिठागरांचा धनी लोरेंस म्हणे, आधीपासून आहे.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी मिस्सेची उपासना संपली की गावाला सांदणं वाटत. तांदळाच्या त्या वाफवलेल्या सांदणांपैकी एकात वालाचा दाणा लपवलेला असे. ज्या घरात दाणा निघेल त्या घरच्या नवराबायकोने नाताळच्या आदल्या संध्याकाळी जोजेफ आणि मरिया, म्हणजे जन्माच्या रात्री कुठेच जागा न मिळालेले येशूचे आईबाप, व्हायचं, तीन घरांच्या दारांवर जागा मागायची, तिन्हीकडून नकार घ्यायचा आणि शेवटी देवळाचं दर्शनी दार ठोठावून बाळ येशूची मूर्ती हातांवर घेऊन आत जायचं. मरियेने बाळाला गोठ्यात निजवल्याशिवाय मिस्सा सुरू होत नसे. सांदणांच्या टोपल्या दोन असत. पांढऱ्या फडक्याची टोपली थोरल्या आळीला, फुटक्यातुटक्या सांदणांची लहान दाराशी. दाणा कुठल्या टोपलीत असायचा ते सांगायला नको.

त्या वर्षी लोरेंसच्या स्वयंपाकिणीने घाईत पांढरं फडकं भलत्याच टोपलीवर टाकलं. दाणा पावलीनच्या दाताखाली आला.

पावलीन आगरातली. नवरा इनास आणि ती दिवसभर मिठाच्या वाफ्यांची जमीन पायांनी तुडवत. तिला एकच मूल झालं होतं. बारशाला ते लहान दारातून आत गेलं आणि पाऊस सरायच्या आत त्याच दारातून बाहेर आलं, पेटीतून. त्यानंतर तिची कूस उजवली नाही.

दुपारी लोरेंसचा कारभारी वाफ्याच्या बांधावर येऊन उभा राहिला.

"पावलीन, चूक झाली बाय. दाणा परत दे. धनी पोतंभर तांदूळ देतो म्हणालेत."

"दाणा नाही माझ्याकडे."

"मग गेला कुठे?"

"गिळला."

कारभाऱ्याने इनासकडे पाहिलं. इनास पायांखालची माती तुडवत म्हणाला, "गिळला म्हणते तर गिळलाच असेल. आता काय तिला उलटी टांगू?"

आगर हसलं. पण रात्री इनास तिला म्हणाला, "धन्याशी वैर झालं तर खायचं काय गो?"

पावलीन जुनं लुगडं फाडून बाळ येशूच्या मूर्तीसाठी दुपटं शिवत होती. ती म्हणाली, "माझं लेकरू लहान दारातून गेलं आणि लहान दारातून आलं. हे लेकरू नाही जाणार."

तिने हे देवासमोर शपथ घेऊन म्हटलं होतं, असं सांगतात. पुढचे तीनही रविवार ती खांबामागे उभी राहिली. प्रभू येतोय, त्याची वाट सरळ करा, असं पाद्रीबाबा दर वेळी प्रवचनात सांगत आणि ती मान हलवून ऐके.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती आणि इनास निघाले. मागे सगळं आगर. तीन घरांनी रिवाजाप्रमाणे दार लावून घेतलं. मग सगळे देवळापाशी आले. थोरली आळी आधीच आत जाऊन बसली होती. पावलीनने दार ठोठावलं.

"जोजेफ आणि मरिया आलेत. जागा आहे काय?"

रिवाजाप्रमाणे आतून 'आहे, या' असा आवाज यायला हवा होता. त्याऐवजी आतून अडसर घातल्याचा आवाज आला आणि लोरेंस म्हणाला, "जागा आहे. बाजूच्या दाराने या."

आगरातली माणसं सवयीने उत्तरेकडे वळली. पावलीन वळली नाही. बाळाला मांडीवर घेऊन ती तिथेच पायरीवर बसली.

"तिन्ही घरांनी खोटंखोटं हाकललं," ती म्हणाली. "हे खरं हाकलतायत. मग मी खरीच मरिया झाले. मी बसते."

इनास थोडा वेळ उभाच होता. मग तोही बसला. "गुडघे दुखतायत," एवढंच म्हणाला. वळलेली माणसं एकेक करून परत आली आणि ओटाभर बसली.

आत पाद्रीबाबा अडचणीत सापडले. दिव्याच्या तेलापासून ताटातल्या भातापर्यंत सगळं त्यांना लोरेंसकडून येई. तरी म्हातारा म्हणाला, "रिकाम्या गोठ्यासमोर मी मिस्सा सांगणार नाही." लोरेंस म्हणाला, "थंडी लागली की येतील." बाहेर आगराने गाणी धरली. खाडीवरून खारा वारा सुटला आणि पहाट झाली तरी कोणी हललं नाही.

शेवटी लोरेंसची आई, जुलियानबाय, काठी आपटत उठली.

"लोरेंस, काढ तो अडसर! बाहेर नाताळ चाललाय आणि आपण इथे मयताला बसल्यासारखे बसलोय."

आईपुढे लोरेंसचं चालेना. अडसर निघाला. दार बाहेर उघडणारं होतं, त्याने ढकललं. दार हललं नाही. गड्यांनी खांदे लावले. दार हललं नाही. खाऱ्या वाऱ्याने लाकूड रातोरात फुगलं, असं कोणी म्हणतात. मरियामातेला हाकलणाऱ्यांना देवानेच कोंडलं, असं बरेच जण म्हणतात. दाराच्या बुडाशी बाभळीची पाचर होती, असंही काही जण सांगतात. इनासच्या कमरेला नेहमी पाचर असे, पण ते विचारू नये.

बाहेरून इनासचा आवाज आला, अगदी अदबीने. "धनी, बाजूचं दार उघडं आहे. या."

म्हातारीच आधी निघाली. तिच्यामागे थोरली आळी एकेक करून त्या ठेंगण्या दारातून बाहेर आली, रेशमी अंगरखे सावरत, माना खाली घालून. एकाचं कपाळ चौकटीवर आपटलं तेव्हा आगरातली एक बाय म्हणाली, "सवय होते हो, हळूहळू." सगळ्यात शेवटी लोरेंस आला. तोही वाकला. न वाकता त्या दारातून येताच येत नसे.

तोवर इनासने आणि चौघांनी दर्शनी दार बिजागऱ्यांवरून उचललं होतं. ते त्यांनी आत नेऊन वेदीसमोर आडवं टाकलं, त्याच्यावर गोठ्याचा पेंढा पसरला आणि ते बाहेर आले. आता आत कोणीच नव्हतं. सगळा गाव अंगणात, कोण थोरल्या आळीचा आणि कोण आगरातला ते अंधुक उजेडात ओळखू येत नव्हतं. पावलीन उंबऱ्यावर आली. तिथून ती आयुष्यात कधी आत गेली नव्हती. तिचे पाय अडले. तिने रिकाम्या देवळाला विचारलं, "जागा आहे काय?"

मागून जुलियानबाय खेकसली, "विचारतेस कोणाला? दारच नाही! जा आत!"

पावलीन ताठ मानेने आत गेली.

लोरेंस ते विसरला नाही. तीन राजांच्या सणानंतर त्याने दार परत चढवलं आणि इनासला आगरातून काढून टाकलं. नवराबायको पलीकडच्या गावच्या आगरात राबू लागली, पण पुढच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी खाडी ओलांडून आली आणि आगराने त्यांच्यासोबत दार उतरवलं. त्याच्या पुढच्या वर्षी लोरेंसने दार चौकटीला खिळ्यांनी ठोकलं. आगराने ते खिळ्यांसकट उपटलं. किती वर्षं हे चाललं ते बस्त्यावबाबा सांगत नाहीत. शेवटी ठोकणारा थकला, एवढंच सांगतात.

आजही दाराच्या कडेला खिळ्यांची भोकं आहेत. बाबा ती बुजवू देत नाहीत. गोठ्यातल्या पेंढ्याखाली बाभळीची एक जुनी पाचर असते, ती कोणाची ते विचारलं की बाबा खाडीकडे बघतात. मध्यंतरी नवीन आलेले फादर म्हणाले होते की सागवान महाग आहे, दरसाल काढघाल नको. गावाने त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि रविवारी दार उतरवलं.

आणि आजही नाताळच्या पहाटे देवळातले सगळे उत्तरेच्या ठेंगण्या दारातून वाकून बाहेर येतात, फादरसुद्धा. सगळा गाव अंगणात उभा राहतो. ज्या बाईच्या सांदणात दाणा निघाला असेल ती बाळ घेऊन उंबऱ्यावर थांबते आणि विचारते, जागा आहे काय?

अख्खा गाव तिच्या पाठीमागून ओरडतो, "दारच नाही! जा आत!"