तालमीला लागलेली नजर

“तालमीचं दार सरावाच्या वेळी उघडं ठेवायचं? पोरांना नजर लागेल!” राजा दुर्जय सिंहासनावरून गरजला. “कोण म्हणतंय हे?”

“मी,” सगुणा म्हणाली.

सगुणा ही बाबू सुताराची पंधरा वर्षांची मुलगी. बाप शेजारीच उभा राहून मघापासून तिला कोपराने ढोसत होता. तिने दुर्लक्ष केलं.

“महाराज, माझा धाकटा भाऊ हणमू तुमच्या तालमीत जातो. पूर्वी हाक मारायच्या आत तिकडे पळायचा. आता सरावाची वेळ झाली की आज पोट दुखतं, उद्या कान, परवा दोन्ही गुडघे! काय झालं विचारलं तर म्हणतो, वस्तादांनी मारुतीची शपथ घातलीय, आतलं बाहेर सांगायचं नाही. काल अंघोळ घालताना आईला त्याची पाठ दिसली. वळच वळ!”

वस्ताद राणोजी मिशीला पीळ देत हसला. प्रत्येक जत्रेतून गदा जिंकून आणणारा हा राजाचा लाडका. “पोरं पडतात, महाराज. पडली की खरचटतं.”

“खरचटतं ते वाकडंतिकडं,” सगुणा म्हणाली. “हणमूच्या पाठीवरच्या रेषा आमच्या आबांनी सूत मारून आखलेल्या फळीपेक्षा सरळ आहेत!”

दरबारात खसखस पिकली. प्रधानजींना ती आवडली नाही. “आम्हीसुद्धा मार खाऊनच असे घडलो, पोरी!”

“दिसतंय, प्रधानजी.”

आता राजाचाही पारा चढला. “पोरांवर नजर ठेवणारा राखणदार हवाय ना तुला? आण! पण त्यानं झोपायचं नाही, जेवायचं नाही, पगार मागायचा नाही. वस्तादाला घाबरायचं नाही आणि तालमीत पाऊलही टाकायचं नाही! चार दिवसांत आण. नाहीतर तुझ्या भावानं निमूट तालमीत जायचं, आणि पुन्हा तक्रार केलीस तर तुझं सगळं घर गावाबाहेर!”

“भिंतीला भोक पाडलेलं चालेल?”

“नाही!”

“छपराची दोन कौलं काढली तर?”

“एकही नाही! भिंत माझी, छप्पर माझं!”

“बरं,” सगुणा इतक्या गोड आवाजात म्हणाली, की बापाने तिला आणखी जोरात ढोसलं.

तीन दिवस आबा, काका आणि गल्लीतले सगळे जाणते तिला समजावत होते. माफी माग, पाया पड, मुलीच्या जातीनं इतकं बोलू नये. मोठ्यांकडे सल्ले ढीगभर होते, उपाय एकही नव्हता. चौथ्या दिवशी दुपारी सगुणाने बापाची हत्यारं उचलली आणि ती तालमीकडे गेली.

संध्याकाळी राजा येतो तर काय, तालमीसमोर ही गर्दी! तालीम विहिरीच्या वाटेवरच होती. तिथे एका लांबरुंद बाकावर भागूआजी शेंगा सोलत होती. दोन बायका घागरी खाली ठेवून टेकल्या होत्या. न्हाव्याने कुणाची तरी दाढी करायला घेतली होती. आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला! भागूआजीने सरकून जागा दिली. राजा टेकला, आणि त्याचीही मान तिकडेच वळली.

आत लाल मातीत पोरं बैठका मारत होती. हणमूची एक बैठक चुकली. वस्तादाचा हात सवयीने वर गेला. हातात वेताची छडी!

बाहेर शेंगा सोलायच्या थांबल्या. वस्तरा थांबला. छडी हवेत तशीच राहिली, मग हळूच मागे वळली, आणि वस्ताद तिने स्वतःची पाठ खाजवू लागला.

“बाळ हणमू,” साखरेत घोळलेल्या आवाजात तो म्हणाला, “कंबर जराशी खाली घे हं, सोन्या!”

सोन्या? एक पोरगं तर कोण आलं म्हणून मागे वळून बघायला लागलं.

पण राजाला दुसरंच काही दिसलं होतं. छडी कुणाला लागली नव्हती, तरी सगळ्या पोरांचे हात आधीच डोक्यावर गेले होते.

राजाने एकेका पोराकडे पाहिलं. मग म्हणाला, “सगुणा, तुझा राखणदार कुठाय?”

“तुम्ही त्याच्यावरच बसलात, महाराज!”

राजा ताडकन उठला. बाकाच्या एका कडेला बिजागऱ्या होत्या, दुसऱ्या कडेला कडी. चार दगडांवर तालमीचं दार आडवं पसरलं होतं!

“भिंत तुमची, छप्पर तुमचं. दार काढायचं नाही, असं काही तुम्ही म्हणाला नव्हता,” सगुणा म्हणाली. “हा झोपत नाही, जेवत नाही, पगार मागत नाही, वस्तादांना घाबरत नाही. आणि आत पाऊल टाकायला त्याला पाय कुठायत?”

“महाराज!” वस्ताद धावत बाहेर आला. “पोरांना नजर लागेल हो!”

“नजर लागली की, वस्ताद! पण पोरांना नाही. तुमच्या छडीला!” सगुणा म्हणाली.

भागूआजी हसली, न्हावी हसला. राजा मात्र हसला नाही. त्याने वस्तादाच्या हातातली छडी घेतली आणि गुडघ्यावर कडकन मोडली. “राणोजी, उद्यापासून इथं दुसरा वस्ताद येईल. आणि पोरांनो, ती शपथ मोडीत!”

“मोडू नका, महाराज,” सगुणा म्हणाली. “मारुतीची शपथ आहे, नुसती उलटी करा. आत जे होईल ते घरी सांगायचंच!”

“ताई, मग आत्ताच सांगू?” हणमू ओरडला. मागोमाग सगळी तालीम एकदम बोलायला लागली. राजाने ते सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं, शेवटच्या पोराचं होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दरबारात राजाने सगुणाला चांदीच्या मुठीचा रंधा दिला. “अजून काय हवं? माग!”

सगुणाने रंध्यावरून बोट फिरवलं आणि प्रधानजींच्या बंद कचेरीकडे पाहिलं.

“काही नको, महाराज. फक्त ते दार जरा कुरकुरतंय. काढून बघू?”

प्रधानजींना ठसका लागला. आणि राजा हसायला लागला तो असा, की मुकुट घसरून कानावर आला!