आजी गेली कुठं?

“मग हा अकरा मिनिटांचा कोण?” बाईंनी विचारलं.

“हा? ही तालीम झाली, बाई,” राजस म्हणाला. “खरा सिनेमा आता व्हायचाय.”

“असं...”

बाई पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सोलता सोलता ऐकायची त्यांची जुनी सवय.

सरोजिनीबाई खांबेटे म्हणजे चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांना कात्री लावलेली बाई. भलेभले दिग्दर्शक त्यांच्या टेबलाशी येऊन रडकुंडीला आलेले. पुढे त्यांनी संकलन शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर वाईला, माहेरच्या घरी, राहायला आल्या. शिष्यांनी मात्र पिच्छा सोडला नाही. त्यांतला सगळ्यात हुशार राजस ढवळीकर, आणि ही गोष्ट राजसला कुणी सांगायची गरज नसे.

आज तो पुण्याहून मोटारसायकल हाणत आला होता. सोबत लॅपटॉप आणि एक आनंदाची बातमी.

“निर्माते बेलसरे पैसे घालताहेत, बाई! याच गोष्टीवर दोन तासांचा सिनेमा. फक्त आज संध्याकाळपर्यंत हो म्हणायचंय.”

“फक्त?”

“आणि... हा छोटा कुणाला दाखवायचा नाही. महोत्सवात पाठवलाय, तो काढून घ्यायचा. गोष्ट आधीच कळली तर तिकीट कोण काढणार, असं त्यांचं म्हणणं.”

“आणि तुझं?”

“माझं काय, बाई. लघुपट म्हणजे ओळखपत्र. दाखवायचं आणि आत शिरायचं. आत गेल्यावर ते गळ्यात अडकवून कोण बसतं?”

हे वाक्य त्याला खंबाटकीच्या घाटात सुचलं होतं आणि घाट उतरेपर्यंत त्याने ते तीनदा म्हणून पाहिलं होतं.

बाईंनी पुढची शेंग उचलली.

खरं सांगायचं तर राजसला त्याचं मन कालपासून खात होतं. तो छोटा सिनेमा त्याने अख्खा हिवाळा खपून केला होता. तो आता कपाटात कायमचा बंद होणार होता, आणि कुणीतरी मोठ्या माणसाने ‘शाबास, बरोबर करतोयस’ म्हटलं की ते खायचं थांबेल अशी त्याची आशा होती. तेवढ्यासाठीच तो आला होता.

“दोन तासांत काय काय घातलंयस?” बाईंनी विचारलं.

“मुलगा आहे अमेरिकेत. घरावर डोळा ठेवून एक बिल्डर आहे. चपलांच्या दुकानदाराची मुलगी आहे, तिचं एक प्रेमप्रकरण आहे...”

“कुणाशी?”

“बिल्डरच्या मुलाशी.”

बाईंनी एक किडकी शेंग बाजूला टाकली.

“दोन गाणी आहेत. आणि आजी शेवटी जाते कुठं, तेही आहे. छोट्यात ते राहूनच गेलं होतं.”

“राहून गेलं होतं?”

“हो ना. बघणारा प्रत्येक जण तेच विचारतो. दोषच तो.”

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग त्यांनी मान वळवून भिंतीपलीकडे हाक मारली.

“मंगल! ए मंगल! अण्णांना घेऊन ये. सिनेमा आहे.”

वाईच्या माणसांना सिनेमाचं कौतुक सांगायला जाऊ नये. नदीच्या घाटावर बारा महिने चित्रीकरण चालू. शेजारच्या मंगलकाकू आजवर असंख्य सिनेमांत गर्दी म्हणून उभ्या राहिल्या होत्या. समोरच्या हळदीच्या दुकानाचे अण्णा पिसाळ एकदा प्रेत झाले होते. ऐनवेळी नाकावर माशी बसली, अण्णांनी नाक हलवलं आणि त्यांना परत मरावं लागलं. ती हकीकत ते गिऱ्हाइकाला हळदीबरोबर फुकट देत.

“किती येळाचा हाय?” अण्णांनी दारातूनच विचारलं.

“अकरा मिनिटं.”

“येवढाच? मग दुकानाची फळी कशापायी लावली मी!”

ओटीवर स्टूल ठेवलं, स्टुलावर लॅपटॉप. मंगलकाकू ओल्या हातांनीच येऊन टेकल्या. सिनेमा सुरू झाला.

एक आजी. एकटी. घराच्या दाराबाहेर पुरुषी चपलांचा एक जुना जोड. रोज सकाळी आजी तो जोड उचलून आत ठेवते. म्हणजे मालक कामावर गेले. दिवेलागणीला परत बाहेर ठेवते. म्हणजे मालक घरात आहेत, कुणी वाकडं पाऊल टाकू नये. भिंतीवर मालकांचा फोटो, त्याला हार.

“आमच्या नणंदेनं ठेवल्या होत्या अशाच,” मंगलकाकू पुटपुटल्या. “बदलीच्या गावी.”

“गप ऱ्हावा वो,” अण्णा म्हणाले.

एके दिवशी कुत्रं एक चप्पल पळवतं. आजी दुकानात जाते. दुकानदार विचारतो, नंबर काय? आजीला नंबर ठाऊक नाही. ती क्षणभर डोळे मिटते आणि हवेत हात धरून दाखवते, एवढं. एक वीत आणि वर दोन बोटं.

अण्णांनी घसा खाकरला.

नवा जोड दाराशी येतो, पण नवा कोरा चकचकीत. कुणाच्याही लक्षात यावं असा. मग आजी तो जुना दिसावा म्हणून स्वतःच पायात घालते आणि घरात फिरते. मग अंगणात फिरते. मग कोपऱ्यापर्यंत. चपला मोठ्या, फटाक फटाक वाजतात. रोज थोडी लांब जाते. एकदा तर वाटेत उभी राहून ऊस खाते.

आणि मग एक संध्याकाळ. दिवेलागण झालेली. दाराला बाहेरून कुलूप. दाराशी चपला नाहीत.

संपलं.



“बाई बाई बाई,” मंगलकाकू शेवटी म्हणाल्या, आणि ओल्या हातांनीच डोळे पुसले. “गेली कुठं हो?”

“कुठं म्हंजे? नदीवर,” अण्णा म्हणाले. “संध्याकाळची नदीवरच जाणार की.”

“नदीवर जायला कुलूप घालतं का कुणी? बहिणीकडे गेली असणार. बारा वर्षं बोलणं नसेल दोघींचं.”

“भैण कुठनं काढली तुमी? सिनेमात भैण न्हाई.”

“दाखवली नाही म्हणून नसेल का? माणसाला बहीण असतेच!”

“मी सांगतो. ती गेलीच न्हाई. दाराच्या आत हुभी हाय. बघतीया, चपला नसल्या तर कोण येतंय का.”

“अहो अण्णा, कुलूप बाहेरून आहे!”

“मग घराला मागलं दार नसतंय व्हय?”

एकाएकी मंगलकाकूंचा चेहरा उजळला.

“मी सांगू, मी असते तर कुठं गेले असते? सिनेमाला. तिकीट काढून. मधल्या रांगेत, एकटी. आणि घरात कुणाला सांगितलंसुद्धा नसतं.”

“घरात हाय कोण तिच्या?”

“माझ्या घरात म्हणते मी!”

अण्णा हसायला लागले. बाईही हसल्या. भांडण नदीवरून बहिणीवर, बहिणीवरून अण्णांच्या आत्यावर गेलं. ती आत्या म्हातारपणी पोहायला शिकली होती म्हणे. चहा आला, भांडता भांडता पिऊन झाला. मंगलकाकूंनी आजीला एक स्वभाव दिला, अण्णांनी तिच्या नवऱ्याला एक नोकरी दिली. उन्हं ओटीवरून सरकली तरी कुणी उठायचं नाव घेईना.

राजस मात्र आतून धुमसत होता. सिनेमाचा दिग्दर्शक इथे समोर बसलाय, आणि त्याला कुणी विचारतच नाही म्हणजे काय?

“थांबा, थांबा!” तो उभाच राहिला. “मी सांगतो खरं काय ते. आजी मुलाकडे जाते. अमेरिकेला. मोठ्या सिनेमात आम्ही दाखवणार आहोत. विमानतळ, मुलगा धावत येतो, मिठी मारतो, सगळं आहे.”

...

“मुलाकडं व्हय,” अण्णा म्हणाले.

“हां. मग बरोबर आहे,” मंगलकाकू म्हणाल्या. “चांगलं झालं हो.”

त्यांना आठवण झाली की दूध गॅसवर आहे. अण्णांना दुकान आठवलं. दोघं उठले, बाईंना येतो म्हणाले आणि गेले.

ओटीवर चार रिकामे कप उरले, आणि दिग्दर्शक.

“बाई... शेवट आवडला नाही का त्यांना?”

“आवडला की. चांगलं झालं म्हणाली ना मंगल.”

“मग उठले का?”

बाईंनी एक शेंग सोलली. दाणे पातेल्यात पडले.

“आजी पोचली ना, बाबा.”

राजस लॅपटॉप मिटू लागला. आपल्याला शाबासकी मिळालेली नाही हे त्याच्या ध्यानात आलं होतं, पण बोलणीही बसली नव्हती, आणि अशा वेळी शिष्याने रागवावं तरी कशावर? त्याला भयंकर एकटं वाटलं. इतका वेळ ती आजी ओटीवर होती, चपला वाजवत फिरत होती. तिला त्याने एका वाक्यात विमानात बसवून दिलं होतं.

तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला.

“आवं दिग्दर्शक!”

अण्णा अर्ध्या वाटेतून परत फिरले होते. पायरीवर एक पाय ठेवून उभे.

“म्या इचार केला. न्हाई पटत. मालकाच्या चपला पायात घालून म्हातारी अमेरिकेला निघाली? ईमानात?”

“अहो, गोष्टच तशी आहे,” राजस म्हणाला. “मी लिहिलीय.”

“तुमी लिवली म्हून काय झालं? आजी तशी न्हाई.”

“मी तेच म्हणते!” भिंतीपलीकडून मंगलकाकूंचा आवाज आला. पाठोपाठ त्यांचं डोकंही वर आलं. “मुलाकडे जायचं तर चार दिवस आधी लाडू वळले असते तिनं. घरात डबा दिसला का कुठं लाडवाचा? काहीतरी चुकतंय तुमचं!”

राजसने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आजीबद्दल आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार, असं म्हणायला. आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती शेवटची संध्याकाळ आली.

ते दार, ते कुलूप त्याने स्वतः चित्रित केलं होतं. कुलपावर उजेड कसा पडावा यावर दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. पण आजी गेली कुठं, हे त्याने तेव्हा स्वतःला विचारलंच नव्हतं. आणि आता बेलसऱ्यांनी सांगितलं, ते त्याने घेऊन टाकलं होतं.

“मग...” तो परत खाली बसला. “मग कुठं गेली हो ती?”

“आता कसं!” अण्णा म्हणाले आणि पायरी चढून वर आले.

“थांबा, माझ्याशिवाय सुरू करू नका,” भिंतीवरचं डोकं म्हणालं. “दूध उतरवून आले.”

मग जे भांडण जुंपलं त्याला तोड नव्हती. या वेळी राजसही त्यात होता. त्याचं म्हणणं, आजी तो जुना उरलेला एक पाय शोधायला गेली, कुत्र्याच्या मागावर. ते अण्णांनी हसण्यावारी नेलं. मंगलकाकूंनी त्याला वेड्यात काढलं. “उरलेला पाय तर घरातच आहे, पळवला तो शोधायचा!” राजस इतका हसला की त्याला ठसका लागला. आपल्या सिनेमात आपलीच चूक निघाली याचा माणसाला एवढा आनंद होऊ शकतो हे त्याला नवीन होतं.

दिवेलागण झाली तेव्हा कुठे अण्णा आणि मंगलकाकू आपापल्या घरी गेले. कुणाचंच कुणाला पटलेलं नव्हतं. उद्या परत बसायचं ठरलं होतं.

राजसने खिशातून फोन काढला. बेलसऱ्यांचा नंबर काढला आणि नुसताच बघत बसला. मोठा सिनेमा हातचा जाणार होता. पैसा, पोस्टर, नाव, सगळं. त्याने मोठा श्वास घेतला.

“बाई, त्यांना नीट समजावून सांगावं लागेल. आधी आभार मानतो. मग गोष्टीचा मुळात जीव केवढा असतो, ते सांगतो. मग आजची दुपार सांगतो, अण्णांचं, काकूंचं... मग हळूच मुद्द्यावर येतो. म्हणजे त्यांना वाईट वाटायला नको. कसं सुरू करू?”

बाईंनी मांडीवरची टरफलं झटकली आणि पातेलं उचलून उठल्या.

“दोन अक्षरांचं काम आहे, राजस. लांबवू नकोस.”