वाण्याच्या घरचं मीठ

ज्येष्ठ वद्य तृतीया. वारा पडला होता, अंगाची काहिली होत होती आणि पश्चिमेकडचं आभाळ काळवंडत चाललं होतं.

त्या दिवसांतली ही गोष्ट. घाटमाथ्यावर एक गाव होतं आणि त्या गावात एकच वाण्याचं दुकान होतं. पावसाळ्याचे चार महिने घाटाची वाट बंद असायची. म्हणून पाऊस लागण्याआधी वाणी खाली बंदरावर जाऊन साऱ्या गावाची बेगमी घेऊन यायचा. त्या शेवटच्या फेरीत जे येईल त्यावर गावाने दसऱ्यापर्यंत निभवायचं, अशी रीत होती.

वाणी बाकीच्या गाड्या घेऊन पुढे बंदरावर गेला होता. दुकान वाणीण सांभाळत होती. लोणच्याचे दिवस होते. दुकानापुढे गोणपाटाखाली मिठाचा ढीग असायचा. त्याला कधी कुलूप नव्हतं, पहारा नव्हता. तूरडाळ घेताना बायका माप नीट पाहायच्या. मिठाचं माप कोणी पाहत नसे. कैरी खाणारी पोरं येता-जाता चिमूट उचलायची. बघता बघता त्या वर्षी ढीग तळाला गेला आणि मग तळही दिसू लागला.

वाण्याचा गाडीवान रिकामी बैलगाडी घेऊन खाली निघाला होता. तो नदीपलीकडच्या मुलखातला, नुकताच कामाला लागलेला. वाणिणीने त्याला हाक मारली. "अरे, शेठना सांग, घरात मीठ वाढलंय. विसरू नकोस हं!"

"नाही विसरत, काकू," तो म्हणाला, आणि खरंच विसरला नाही. बंदरावर पोचताच त्याने निरोप दिला, "शेठ, मिठाची काळजी नको. पुष्कळ आहे म्हणाल्या काकू."

वाण्याला नवल वाटलं. 'या वर्षी आंबा कमी, लोणची घातली नसतील लोकांनी,' असं म्हणून त्याने मिठाच्या जागी गुळाच्या ढेपा भरल्या.

गाड्या गावात आल्या आणि मागोमाग पाऊस आला. घाटाची वाट त्याच दिवशी वाहून गेली. वाणीण एकेक गोण हात लावून पाहू लागली.

"अहो, मीठ कुठंय?"

"तूच ना निरोप धाडलास, पुष्कळ आहे म्हणून?"

"मी? मी म्हटलं मीठ वाढलंय!"

गाडीवान म्हणाला, "मग मी तेच सांगितलं की! नदीला पाणी वाढतं, अंगणात गवत वाढतं, पोरं वाढतात. वाढलं म्हणजे पुष्कळ झालं."

"अरे देवा! भरल्या घरात मीठ नाही असं कोणी बोलतं का? तोंडातून अभद्र काढायचं नाही, म्हणून वाढलं म्हणायचं."

"मग खरंच वाढलं तर काय म्हणता, काकू?"

वाणीण पुन्हा गोण्या चाचपू लागली. वाणी मात्र संतापला. "घाट मोकळा झाला की तू आपला रस्ता धर," असं त्याने गाडीवानाला सांगून टाकलं.

आषाढ कसाबसा निघाला. ज्याच्या-त्याच्या बरणीत थोडं मीठ होतं. पुढे आमटीत लोणच्याचा खार पडू लागला. वाणिणीने मिठाच्या रिकाम्या गोण्या पाण्यात भिजवल्या, ते पाणी आटवलं आणि शेजारी वाटलं. काही घरांत भाजी अळणी करून एका चटणीतच काय ते मीठ घालू लागले. एक गृहस्थ रोज पहिल्या घासाला "मीठ कमी आहे" म्हणायचे, तेही गप्प जेवू लागले. त्यांची बायको विहिरीवर म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा स्वयंपाक आवडलाय त्यांना!" बायका पोट धरून हसल्या.

पण कोणाकडे किती उरलंय, हे काही केल्या कळत नसे. विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, "वाढलंय हो." ज्यांचं खरंच सरलं होतं त्या तेच म्हणायच्या, आणि ज्यांनी थोडं राखून ठेवलं होतं त्याही तेच म्हणायच्या.

श्रावणात वाण्याच्या तान्ह्या नातीला जुलाब सुरू झाले. पोरीचे डोळे खोल गेले, ओठ कोरडे पडले. गावातली म्हातारी वैदीण आली. पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून तिने सोडली, तर ती तशीच उभी राहिली.

"पेजेचं पाणी द्या, त्यात गूळ आणि चिमूटभर मीठ घाला. घोट घोट पाजत राहा. मीठ विसरू नका. नुसत्या गुळाने भागायचं नाही."

घरात गुळाच्या ढेपा आढ्याला लागल्या होत्या. मीठ नव्हतं. लोणच्याचा खार होता, पण तो तिखटाचा आणि मोहरीचा. तान्ह्या पोरीला कसा पाजणार?

वाणीण शेजारच्या घरी गेली. "वहिनी, आमच्याकडे मीठ वाढलंय हो."

वहिनी हसली. गाडीवानाची गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. "वाढलंय? मग आम्हालाही द्या की थोडं!"

वाणीण पुढच्या घरी गेली. तिथली म्हातारी म्हणाली, "वाण्याच्या घरात मीठ नाही? उद्या म्हणाल, विहिरीला तहान लागली!"

दुकानदाराने आपल्यापुरतं दडवून ठेवलं असणारच, असं सगळे धरून चालले होते. वाणीण रिकाम्या वाटीने परत आली. दारात गाडीवान बैलांना वैरण टाकत होता.

"मिळालं, काकू?"

तिने रिकामी वाटी दाखवली.

"तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"वाढलंय म्हटलं."

"आमच्याकडे असं झालं, तर संपलं म्हणतात आणि वाटी पुढे करतात."

"जीभ रेटत नाही रे. हा शब्द मी उभ्या जन्मात उच्चारला नाही. आणि आत पोर अशी पडलेली असताना उच्चारू?"

आतून सुनेचा आवाज आला, "आई, ही रडायची थांबली हो!"

वाणीण तशीच मागे वळली. विहिरीवर पाण्याला आलेल्या बायकांची गर्दी होती. काठावर उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, "बायांनो, माझ्या घरात मीठ संपलं. कणसुद्धा नाही. नात सुकत चाललीय. कोणाकडे चिमूटभर असेल तर द्या."

रहाट थांबला. एका म्हातारीने सवयीने कानांवर हात ठेवले. मघाशी हसलेली वहिनी कळशी तिथेच टाकून घराकडे पळाली. येताना तिने बरणीच आणली. मीठ हातावर देऊ नये म्हणतात, म्हणून ती बरणी वाण्याच्या उंबऱ्यावर ठेवू लागली; सुनेने ती मधेच तिच्या हातातून घेतली आणि पेजेकडे धावली.

पोरीला घोट घोट पाजत सारी दुपार गेली. पहिले घोट ओघळले, नंतरचे तिने गिळले. तिन्हीसांजेला ती भूक लागून मोठ्याने रडली.

अंगणात बायका अजून बसूनच होत्या. त्यांतली एक हळूच म्हणाली, "खरं सांगू? माझंही संपलंय. आठवडा झाला, पोरं अळणी खातात." दुसरी म्हणाली, "माझं पण." मग तिसरी. वहिनी खाली मान घालून म्हणाली, "माझ्याकडे अजून एक बरणी आहे."

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पडवीत एक रांजण ठेवला. ज्यांच्याकडे मीठ होतं त्यांनी निम्मं त्यात आणून घातलं. ज्यांचं संपलं होतं ते वाटी घेऊन येत, संपलं म्हणत आणि गरजेपुरतं नेत. वाण्याने गुळाची एक ढेप रांजणाशेजारी फोडून ठेवली आणि ज्याच्या घरात कोणी आजारी असेल त्याने विचारू नये, घेऊन जावं, असं सांगितलं.

आश्विनात घाट मोकळा झाला. तोवर गावातलं कोणीही दगावलं नव्हतं. रांजणाच्या तळाशी ओंजळभर मीठ शिल्लक होतं. वाण्याने गाडीवानाला कामावर ठेवून घेतलं.

तात्पर्य एवढंच: हाताशी असलेल्या वस्तूचं मोल ती असतानाच जाणावं, आणि नसेल तेव्हा न लाजता 'नाही' म्हणावं, म्हणजे शेजाऱ्याला 'आहे' म्हणता येतं.